लांबच्या विमानात हाताला काय काम द्यावं?

प्रश्न : पत्र लिहिणाऱ्या ताई ६३ वर्षांच्या आहेत, प्राथमिक शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. मुलगी न्यू जर्सीत असते. तिच्या बाळंतपणासाठी त्या डिसेंबरात अमेरिकेला निघाल्यात, आणि एवढ्या लांब एकटीनं जायची ही पहिलीच वेळ. मुंबईहून रात्री दीडचं विमान, मध्ये कुठेही न थांबणारं, सुमारे १६ तासांचं. सिनेमे बघण्यात त्यांचं मन लागत नाही, डोळेही दुखतात. म्हणून त्यांनी एक पिशवी भरायला घेतली आहे : बाळाच्या पांघरुणासाठी लोकर आणि क्रोशाच्या सुया, जलरंगांची पेटी, चित्रकलेची वही, शब्दकोड्यांची दोन पुस्तकं, भरतकामाची चौकट, एक कादंबरी, शाईचं पेन आणि पत्रांचे कागद. पांघरूण उतरेपर्यंत पुरं व्हावं अशी त्यांची इच्छा आहे. मुलगा म्हणतो, "आई, विमानात असलं काही चालत नाही. सुया काढून घेतील, आणि शेजारचे हसतील ते वेगळंच. मी टॅबवर मालिका टाकून देतो, त्या बघ." त्या पुढे लिहितात, "दोन वर्षांपूर्वी हे गेले. तेव्हापासून हात रिकामे राहिले की मन भलतीकडे जातं. सोळा तास नुसतं बसून राहायची मला भीती वाटते. काय काय नेऊ?"

उत्तर :

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचल्यावर पिशवीतली यादी बाजूला ठेवून मी आधी घड्याळ मांडलं. तुम्हीही मांडून बघा, कारण ज्या सोळा तासांची भीती वाटतेय ते सोळा तास एकसंध तुमच्या वाट्याला येणारच नाहीत.

विमान दीडला सुटेल. ते वर जाऊन स्थिरावेपर्यंत आणि पहिलं जेवण होऊन ताटं उचलली जाईपर्यंत दोन तास गेलेच. तोपर्यंत तुमच्या शरीराच्या हिशेबानं पहाटेचे साडेतीन वाजलेले असतील. त्याआधीची सगळी संध्याकाळ सामानाचं वजन, घरातून निघणं, विमानतळावरच्या रांगा यात गेलेली असेल. तुम्ही झोपाल. नीट झोप लागली नाही तरी डुलक्या काढत पाच-सहा तास जातील. शेवटचे दोन तास दुसरं खाणं, तोंड धुणं आणि उतरण्याची तयारी यांचे. मध्ये पाय मोकळे करणं, स्वच्छतागृहाबाहेर उभं राहणं, पाणी मागून घेणं आहेच. खरोखर हातात उरतात ते पाच ते सहा तास, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी. आठ प्रकारच्या कामांना एवढा वेळ कुठला पुरायला?

आता हे पाच-सहा तास नेमके कधी येतात ते पाहा. पिशवीत काय भरायचं ते त्यावरच ठरतं. डिसेंबरात न्यू जर्सीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. तुम्ही पोचाल तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच झालेले असतील आणि तिथे सकाळचे सात. म्हणजे विमान रात्रीच्या सोबतीनं पश्चिमेकडे धावत राहतं आणि हिवाळ्यात बाहेर जवळजवळ सगळा वेळ अंधारच असतो. तुम्हाला जाग येईल ती रोजच्या सवयीनं, आपल्या सकाळी नऊ-दहाला. त्या वेळी विमानातले दिवे मंद असतील, खिडक्या झाकलेल्या असतील आणि आजूबाजूची माणसं गाढ झोपेत असतील. तुमच्याकडे असेल डोक्यावरचा एक छोटा दिवा आणि समोरचं लहानसं टेबल. पुढचा माणूस खुर्ची मागे टाकून झोपला असेल तर टेबलावरची जागाही आणखी कमी होते.

आणखी एक गोष्ट. विमानाच्या आतली हवा जमिनीवरच्यासारखी नसते. आतला दाब १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तितका ठेवलेला असतो. आपलं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर आहे. म्हणजे त्याच्याही वर बसून तुम्ही काम करणार आहात. हवा फार कोरडी असते, आर्द्रता बरेचदा २० टक्क्यांच्याही खाली जाते. डोळे चुरचुरतात, बोटं थोडी फुगतात, टाके मोजताना गडबडायला होतं. घरी दुपारच्या उजेडात तुम्ही जे सहज करता, त्यातलं अर्धंही तिथे जमलं नाही तर स्वतःला बोल लावू नका.

या सगळ्यावरून विमानातलं काम कसं हवं ते ठरवता येतं. कमी उजेडात जमेल, छातीसमोरच्या वीतभर जागेत मावेल, कुणी जेवण घेऊन आलं की त्या क्षणी बाजूला ठेवता येईल आणि तासाभरानं उचललं तर कुठवर आलो होतो हे आठवावं लागणार नाही, असं काम. तुमची यादी या कसोटीला लावली की पिशवी आपोआप हलकी होते.

जलरंग घरी ठेवा. पाण्याचा पेला कलंडण्याची भीती आहेच, पण माझं खरं कारण वेगळं आहे. विमानातले दिवे कधी पिवळट असतात, कधी निळसर. त्या उजेडात मिसळलेला हिरवा दिवसाच्या उजेडात भलताच दिसतो, आणि रंगांची आवड असलेल्या माणसाला त्याचा त्रास होतो. पेटी मोठ्या बॅगेत टाका, मुलीच्या घरच्या खिडकीशी बसून वापरा. भरतकामाची चौकटही तिकडेच. बारीक सुई खाली पडली तर त्या अंधारात सापडत नाही, आणि शेजारच्याच्या पायाला टोचली तर काय, ही धास्ती तुम्हालाच चैन पडू देणार नाही. शब्दकोड्यांचं एखादं पुस्तक न्यायला हरकत नाही, मात्र ठळक छपाईचं पाहून घ्या. शाईचं पेन नेऊ नका असं सांगेन. विमान वर चढताना केबिनमधला दाब उतरतो, पेनात अडकलेली हवा फुगते आणि शाईला निबातून बाहेर ढकलते. न्यायचंच असेल तर काठोकाठ भरून किंवा पूर्ण रिकामं करून न्या, आणि चढताना-उतरताना निब वर राहू द्या. त्यापेक्षा शाळेतली मुलं वापरतात ती, खटका दाबून शिसं बाहेर येणारी पेन-पेन्सिल उत्तम. तिला ना टोक करावं लागतं ना ती गळते.

आता लोकर. हा तुमच्या पत्रातला सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग आहे, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

पांघरूण विमानात पुरं करायचा हट्ट सोडा. हे थोडं लागेल, पण ऐका. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्षभर बाळाच्या पाळण्यात सुटं पांघरूण, उशी, मऊ खेळणी काहीच ठेवू देत नाहीत. झोपेत तोंडावर येऊन श्वास कोंडू नये म्हणून तिथे हा नियम फार कसोशीनं पाळतात. तुमच्या मुलीलाही दवाखान्यात हे सांगितलं जाईल. तेव्हा तुम्ही घाईघाईनं पुरं केलेलं पांघरूण पाळण्यात घातलं नाही तर ते तुमच्या कामाला नाकारणं आहे असं कृपा करून समजू नका. बाळाला मांडीवर घेतल्यावर, जमिनीवर पालथं घालून खेळवताना, जागेपणी आपली नजर असताना ते छान वापरता येईल. म्हणजे त्याला अमुक तारखेची घाई नाही. आणि घाई नसली की हाताला वेगळंच सुख लागतं, हे क्रोशा करणाऱ्या बाईला मी वेगळं सांगायला नको.

मग काय करायचं? अखंड पांघरूण मांडीवर घेऊन बसण्याऐवजी चौकोन विणा. चार साखळ्यांचं कडं, त्यात तीन-तीन खांबांचे चार गट आणि प्रत्येक कोपऱ्याला दोन साखळ्या, हा जुना सोपा चौकोन तुम्हाला येत असेलच. विमानासाठी तो मला फार आवडतो, कारण पहिल्या फेरीनंतरचे खांब बारीक घरात घालावे लागत नाहीत, ते दोन गटांमधल्या मोकळ्या जागेत जातात. ही जागा डोळ्यांनी शोधावीच लागत नाही. डाव्या हाताचा अंगठा कडेवरून फिरवला की तो आपोआप त्या खळग्यात उतरतो, सुई त्याच्या मागोमाग. चार फेऱ्या झाल्या की तळहाताएवढा, साधारण १० सेंटीमीटरचा चौकोन होतो. असे ३६ झाले की सहा बाय सहा जोडून ६० सेंटीमीटरचं पांघरूण. विमानात सहा झाले तरी एक अख्खी ओळ झाली. तीन झाले तरी काही बिघडलं नाही. उरलेले तिथे, बाळ झोपलेलं असताना.

एक करा. प्रत्येक चौकोनाची पहिली फेरी घरीच, उजेडात विणून न्या. मधलं कडं हाच एक भाग अंधुक उजेडात त्रास देतो. अशी आठ-दहा मधली फुलं डब्यात असली की तिथे फक्त वाढवत न्यायचं. लोकर फिक्या रंगाची घ्या. पिवळी, मोतिया, फिकट हिरवी चालेल. काळी, गडद निळी किंवा तंतू सुटलेली केसाळ लोकर त्या उजेडात दिसत नाही. गुंडा मधून सुटणारा करा आणि झिपच्या पिशवीत ठेवून फटीतून दोरा बाहेर काढा, नाहीतर खाली घरंगळला तर तीन रांगा मागे जाऊन थांबतो. बोटांना व्हॅसलीनचा हात लावा. कोरड्या हवेत बोटांची कातडी खरखरीत होते आणि लोकर तिच्यात अडकते. डबी १०० मिलीच्या आतली हवी, आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या बॅगेत क्रीम, जेल, द्रव पदार्थांना तीच मर्यादा आहे. अंगठी घालत असाल तर ती काढून ठेवा.

सुयांबद्दल तुमच्या मुलाची शंका रास्त आहे. अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षेचे नियम क्रोशाच्या आणि विणकामाच्या सुया हातातल्या सामानात नेऊ देतात. पण तुम्ही निघणार मुंबईहून, आणि तिथे तपासणीला असलेल्या सीआयएसएफच्या, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या, जवानाचा शब्द शेवटचा असतो. ज्या कंपनीचं तिकीट असेल तिच्याकडेही आधी विचारून घ्या. माझं म्हणणं असं : लाकडी, बांबूची किंवा प्लॅस्टिकची, बोथट टोकाची एकच सुई हातात न्या, आणि ती अर्ध्या विणलेल्या चौकोनात अडकवलेली असू द्या. नुसती सुई पाहून जो प्रश्न पडतो तो चालू काम पाहून बरेचदा पडत नाही. स्टीलच्या सुया, कात्री, दोरा कापायची पात्याची लॉकेटं, सगळं मोठ्या बॅगेत. आईची किंवा सासूबाईंची जुनी सुई असेल तर ती मुळीच हातातल्या सामानात नेऊ नका. काढून घेतली तर प्लॅस्टिकची दुसरी मिळते, ती मिळणार नाही. सुई ठेवून जा म्हणाले तर वाद न घालता द्या आणि पुढे चला. चालू टाक्यातून तेवढा दोऱ्याचा एक तुकडा ओवून गाठ मारून घ्या म्हणजे टाका सुटणार नाही. कात्री नाही म्हणून अडायचं कारण नाही. चौकोन संपला की लोकरीचं टोक लांब सोडून नवा चौकोन नव्या छोट्या गुंड्यानं सुरू करा. असे छोटे गुंडे घरूनच करून न्या, मग विमानात कापायची वेळच येत नाही.

सुई गेली तर सगळा प्रवासच बिघडला असं व्हायला नको, म्हणून दुसरी गोष्ट लोकरीवर अवलंबून नसलेली हवी. ती म्हणजे एक वही. एकच.

वहीच्या मागच्या बाजूनं रांगोळीचे ठिपके मारून न्या. मधल्या ओळीत सात, मग वर आणि खाली सहा, पाच, चार असे उतरते ठिपके. शाळेच्या फळ्यावर तुम्ही हे किती वेळा काढलं असेल! एका पानावर एक. ठिपके घरीच मारलेले असले की विमान थोडं हललं तरी रेघ चुकत नाही, कारण हाताला कुठून कुठे जायचं ते ठरलेलं असतं. ठिपक्यांची रांगोळी काढताना डोकं शांत होतं, आणि ती अर्धी सोडली तरी पुन्हा उचलता येते. तुम्हाला चित्रच काढायचं असेल तर खाकी कागद आणि पांढरी रंगीत पेन्सिल न्या. वारलीतली सगळी दुनिया गोल, त्रिकोण, चौकोन आणि रेघांवर उभी आहे. जिव्या सोमा म्हसे यांनी याच साधनांत तारप्याभोवती, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्याभोवती, फिरणारी नाचाची माळ, शेतं, माणसं, पाखरं काढली आणि वारली चित्र डहाणूच्या पाड्यांवरून जगभर पोचवलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खाकीवर पांढरी रेघ मंद दिव्यातही स्वच्छ दिसते, आणि रंग बरोबर लागला का हा प्रश्नच उरत नाही.

वहीची पुढची बाजू मी दुसऱ्या कामाला ठेवीन, आणि या कामाबद्दल मी तुम्हाला आग्रहानं सांगते आहे. तुम्ही बाळंतपणाला निघालात. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा, शेक-शेगडी हे सगळं तुमच्या हातात आहे, कागदावर कुठेही नाही. ते लिहा. नुसतं साहित्य आणि कृती नको, ते कुठेही मिळतं. डिंक तळताना तूप किती तापलेलं हवं, तो फुलला हे कसं ओळखायचं, आतून कच्चा राहिला तर दाताखाली काय लागतं, पाक पुढे गेला तर लाडू वाचवायचे कसे, ते लिहा. मुलीच्या स्वयंपाकघरात शेगडी विजेची असेल, भांडी वेगळी असतील, तुमचा अंदाज चुकेल, आणि सहा महिन्यांनी तुम्ही परत आल्यावर तिला हेच हवं असेल. एका पदार्थाला एक पान पुरे. दोन पानं झाली की वही मिटा.

आणि ताई, तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत जे लिहिलंत तिकडे येते.

हात रिकामे राहिले की मन भलतीकडे जातं, असं तुम्ही म्हणता. मला त्या "भलतीकडे"बद्दल विचारायचं आहे. तिकडे नेमकं काय आहे? हे असते तर दोघं मिळून निघालो असतो, हा विचार आहे का? मुलीच्या जन्माच्या वेळचे दिवस आहेत का? विमानात बसल्यावर, नातवंडाला बघायला एकटीनं निघालेली असताना ते आठवणारच. इतकी वर्षं सोबत असलेल्या माणसाची आठवण त्या रात्री आली नाही तरच नवल. तिला अडवण्यासाठी आठ कामांची भिंत उभी करावी लागेल असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं, तुम्ही तिला येऊ द्यावं. अंधार असेल, शेजारचे झोपलेले असतील, डोळे भरून आले तर कुणाला सांगावंही लागणार नाही. पत्रांचे कागद तुम्ही यादीत का घातलेत ते मी विचारत नाही, पण वहीत त्यांनाच एक पत्र लिहिता येईल. मुलगी झाली त्या दिवशी ते काय म्हणाले होते, कुठे उभे होते, घरी पेढे कुणी आणले. नंतर ते मुलीला वाचायला द्यायचं की पान फाडून ठेवायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा. कामात मन गुंतवणं चांगलंच आहे, तुम्हाला दोन वर्षं त्यानंच सावरलं असेल. फक्त थकलेल्या रात्री, ढगांच्या वर, हात थांबले तर घाबरून नवं काम उचलू नका. थोडा वेळ थांबू द्या. घरीही असंच सतत होत असेल, झोप उडत असेल, कशात मन लागत नसेल, तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या. जाताना मनावरचं ओझं थोडं हलकं झालेलं बरं.

मुलाचा टॅब नाकारू नका. त्यानं तो प्रेमानं देऊ केलाय, आणि त्याचा उपयोग बघण्यापेक्षा ऐकण्यासाठी फार छान आहे. त्याला सांगा, मालिका नको, मला नाट्यगीतं, अभंग, एखादं ऐकायचं पुस्तक भरून दे. कानात गाणं आणि हातात लोकर, डोळे मिटले तरी चालतंय, याच्यासारखी सोबत नाही. एक काळजी मात्र घ्या. टॅब आणि फोन दोन्ही घरीच एरोप्लेन मोडवर टाकून प्रत्येक गोष्ट वाजते का ते बघा. डाउनलोड झालंय असं वाटतं आणि वर गेल्यावर नेट मागतं, ही तक्रार माझ्याकडे वारंवार येते. पॉवर बँक नेणार असाल तर ती हातातल्याच पिशवीत, मोठ्या बॅगेत टाकायला परवानगी नसते.

हसण्याचं म्हणाल, तर मुलाची भीती मला खरी वाटत नाही. रात्रीच्या विमानात प्रत्येक जण आपापल्या चिंतेत असतो. कुणी बघितलंच तर बहुतेक "काय विणताय?" असं विचारेल, आणि बाळासाठी म्हटल्यावर चेहरा फुलेल. बोलायचं नसेल तर कानात गाणं आहेच.

जागा निवडता आली तर आयल सीट, म्हणजे येण्याजाण्याच्या वाटेकडची जागा घ्या, उठायला कुणाला उठवावं लागत नाही. तासा-दीड तासानं उठून एक फेरी मारा, बसल्या बसल्या घोटे फिरवा. या वयात एवढा वेळ पाय लोंबकळत ठेवून बसलं की रक्त साकळण्याचा धोका असतो, आणि विणकाम करणारी माणसं हमखास "एवढी फेरी होऊ दे" म्हणत बसून राहतात. म्हणून नियम करा : एक चौकोन झाला की उठायचं. पायात मोजे कुठले घालावेत, रक्तदाबाच्या गोळ्या बदललेल्या वेळेत कशा घ्याव्यात, हे डॉक्टरांना विचारा.

अशीच पत्रं लहान मुलांना घेऊन एकट्यानं निघणाऱ्या आयांचीही येतात, त्यांनाही यातलंच बरंच लागू आहे. मुलांसाठीही कमी न्या, आणि नेलेलं एकदम दाखवू नका. एक संपलं की दुसरं. रंगीत खडू त्रिकोणी घ्या, ते टेबलावरून घरंगळत नाहीत. घडीकामाचे कागद घरीच चौकोनी कापून न्या. कागदी चिकटपट्टीचं एक भेंडोळं चार-पाच वर्षांच्या मुलाला टेबलावर रस्ते करायला तासभर पुरतं आणि खूण न ठेवता निघतं. सात-आठच्या पुढच्या मुलांशी वहीवर, न बोलता, "नाव-गाव-फळ-फूल" खेळा. चमकी आणि बारीक मणी मात्र नकोत. आणि मूल कंटाळलं म्हणून आई कमी पडली असं समजू नका. थोडं कंटाळू द्या, झोप त्याच वाटेनं येते.

ताई, तुमची पिशवी आता अशी : झिपची एक छोटी थैली, तिच्यात फिक्या लोकरीचे छोटे गुंडे, सुरू केलेले चौकोन, एक प्लॅस्टिकची सुई, वही, पेन-पेन्सिल, एक साधं बॉलपेन, व्हॅसलीनची डबी, रुमाल. चष्म्याला दोरी लावा. ही थैली वरच्या कप्प्यात ठेवू नका, समोरच्या सीटखाली ठेवा. कादंबरी न्यायचीच असेल तर न्या, पण नाही वाचली तर मनाला लावून घेऊ नका. निघण्याआधी एका रात्री जेवण झाल्यावर खोलीतला एकच छोटा दिवा लावून खुर्चीत बसा आणि कोपर अंगाला चिकटवून एक चौकोन विणून बघा. जे त्या उजेडात त्रास देईल ते थैलीतून काढून टाका.

उतरायला तासभर राहिला की काम बंद करा. तोवर दिवे लागलेले असतील, पण कानाला दडे बसलेले असतात आणि घाईत वस्तू राहून जातात. सुई, चष्मा, वही थैलीत गेली का ते बघा, समोरच्या खिशात हात घालून खात्री करा. पासपोर्ट आणि मुलीचा पत्ता लिहिलेला कागद मात्र थैलीत नको, तो पर्समध्येच.

मुलीला आणि येणाऱ्या बाळाला माझे आशीर्वाद सांगा. प्रवास सुखाचा होवो.